पाठीशी ऊन

रेल्वेचा फोटो काढताना ऊन पाठीशी हवं, हा हिंदुरावांचा नियम. त्यामुळे दर रविवारी सकाळी मांजरी स्टेशनाजवळ रुळांकडेला उभं राहिलं, की त्यांची लांबच लांब सावली फोटोत यायची. शेजारी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या बायकोचीही, विजयमालाबाईंची. घरी आल्यावर फोटोची खालची कड कापताना ते करवादायचे, "अगं, जरा मागे सरकत जा की! फोटो इंजिनाचा काढतोय, तुझा नाही."

"बरं," असं म्हणून पुढच्या रविवारी त्या तिथेच उभ्या.

मागच्या महिन्यात विजयमालाबाई गेल्या. तेराव्याला लावायला फोटो शोधता शोधता मुलगी, तनुजा, रडकुंडीला आली. "बाबा, अकरा हजार फोटो काढलेत तुम्ही आणि आईचा एक धड नाही? आधारकार्डावरचा नको हो, त्यात ती आईसारखी दिसतच नाही."

हिंदुराव जुने फोटो चाळायला बसले. दोन दिवस कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत.

तेराव्याला मेहुणे कर्वेनगरच्या घरी आले, तर भिंतीवर चंदनाच्या हारात रेल्वेचं इंजिन. "वा! आमची ताई गेली, तरी तुमचं इंजिन काही सुटलं नाही." असं म्हणत ते जवळ गेले.


कुंकू इंजिनाला नव्हतं. कापायची राहून गेलेल्या खालच्या कडेला, खडीवर पडलेल्या छत्रीवाल्या सावलीला होतं. जिथे कपाळ असावं, बरोबर तिथे.