न आलेल्या खवलेमांजराची जागा

नोटीस वाचून दाखवणाऱ्या तलाठ्याला भागी मुकणेनं मध्येच थांबवलं. "पण आमच्या टेकाडावर खवलेमांजर कधीच नव्हतं. मी जन्मापासून इथंच आहे."

"आज नाही," तलाठी म्हणाला. "तीस वर्षांनी येणार आहे. हवा आणखी तापली की खालचं रान सोडून ते इथं चढून येणार, असं नकाशा सांगतो. नव्या कायद्यानं त्याची जागा आतापासूनच रिकामी ठेवायची. वाडीनं दिवाळीच्या आत उठायचं."

नकाशा करणाऱ्याचं नाव खाली छापलं होतं, ऋजुता नेने. ते नाव भागीनं तलाठ्याला पुन्हा वाचायला लावलं. तीन वर्षं ही ऋजुताताई तिच्याच घरी राहून संशोधन करत होती. खालच्या रानातलं खवलेमांजराचं एकेक बीळ भागीनंच तिला दाखवलं होतं, अगदी नवऱ्यालाही कधी न दाखवलेली बिळंसुद्धा. त्या बिळांच्याच नोंदींवरून संगणकानं हा नकाशा काढला होता.

संध्याकाळी ऋजुता स्वतः आली. भागीनं एवढंच विचारलं, "ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्याच वर्षी," ऋजुता खाली बघत म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं, तर तू पुढची बिळं दाखवली नसतीस. आणि ते जनावर संपत चाललंय गं, भागी."

ते खरं होतं आणि भागीला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त लागलं. ऋजुता सवयीनं उंबऱ्यापाशी चपला काढू लागली.

"राहू द्या पायात," भागी म्हणाली. "तुमच्या नकाशात इथं घर नाही."