घाटातली पारख
दात पाहून बैलाचं वय सांगण्यात पुनाआबांचा हात धरणारा धुळ्याच्या बाजारात कोणी नव्हता. पण गाडीला दात कुठून आणायचे? वरातींना भाड्याने द्यायला नात दिपमाला जुनी आलिशान गाडी घेत होती, तर मॉडेलचं साल आडवं आलं. “आबा, २०१५च्या या गाड्यांचा गिअरबॉक्स चढावर झटके देतो म्हणे,” ती मोबाइल दाखवत म्हणाली. आबा उखडले. “एकच सालना बठ्ठा बैल खराब ऱ्हातस का? जुपीसन दखू!” बैल जुंपून पाहतात तसं गाडीमालकासकट पाच जण कोंबून दिपमालाने लळिंगचा घाट धरला. गाडी एकदाही अडखळली नाही. माथ्यावर आबांनी बैलाच्या कुशीवर ठेवावा तसा बॉनेटवर हात ठेवला. बैलबाजारातला सौदा उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून, भाव गुपचूप ठरवून व्हायचा. तिथे बाईचा हात कधी गेला नव्हता. आबांनी आपलं उपरणं दिपमालाच्या हातावर पसरलं आणि ते गाडीमालकाला म्हणाले, “भाऊ, आते सौदा हिनासंगे करा.”