संगणक वापरात आहे

धर्माजीने माउस हलवला. काळा पडदा उजळला. तो चहाला उठला तेव्हा झालेल्या कामाचा आकडा एक्क्याऐंशी टक्क्यांवर होता. आता ऐंशीवर आला होता. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ऐंशीच.

"मागं गेलं?" उंबऱ्याशी वाल सोलत बसलेल्या जनीने विचारलं.

"हं."

"पुढं जायचं सोडून मागं कसं जातं वो?"

"माझंच काहीतरी चुकलंय."

चूक कुठे झाली असेल हे तो आठवून बघत होता. संगणक जुना, मुलगी प्रणाली कॉलेजात असताना घेतलेला. त्यावर लिनक्स त्याने पुस्तकात बघून घातलं होतं आणि आता हे नवीन सॉफ्टवेअर. काळ्या खिडकीत एकेक ओळ टाइप करायची, अक्षरावर बोट ठेवून ताडून बघायची, मग एंटर. कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी झालेली, तरी एंटर दाबताना त्याचा हात अडखळायचा.

प्रणाली जर्मनीत ज्या प्रयोगशाळेत होती, तिथे समुद्राचं पाणी पुढे किती चढेल याचं गणित चाललं होतं. ते एवढं अवाढव्य, की त्याचे तुकडे करून जगभरच्या घरांतल्या संगणकांना वाटून देत. ज्याला वाटेल त्याने एक तुकडा घ्यावा, आपल्या संगणकाकडून सोडवून घ्यावा, परत पाठवावा. धर्माजीला एक तुकडा मिळाला होता. आज मध्यरात्रीच्या आत तो पोचला नाही, तर दुसऱ्या कोणाला देणार होते.

"दूध उतू जाईल म्हणून बसतात, तसे बसलात सकाळधरनं," जनी म्हणाली. "तिला ठाव तरी हाय का, बाप तिचं काम करतोय?"

"नाही. नाव लिहायचं होतं तिथे मी नुसतं गावाचं लिहिलं, रेवस."

"का? आपल्या नावाला काय झालं?"

"नाहीतर तिला वाटायचं, बाबा इथेही आलेच."

जनीने वालाचं साल काढून बाजूला टाकलं. 'बाबा, सारखे सारखे फोन नका करू, मीच करीन,' असं प्रणाली गणपतीत म्हणाली होती. आता होळी आली होती. त्यानंतर धर्माजीने एकदाही फोन केला नव्हता. वाईट वाटतं का, असं जनी मधूनमधून विचारायची. तो आत शोधून बघायचा. काही सापडायचं नाही.

त्याने पुन्हा माउस हलवला. आकडा हलला नाही. मग पहिल्यांदाच त्याची नजर आकड्यावरून बाजूला सरकली. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती. सकाळपासून असणार. काम थांबवले आहे, संगणक वापरात आहे.

त्याने ती दोनदा वाचली. मग सेटिंग उघडून पाहिलं. कोणी संगणकाला हात लावला तर काम थांबवावे, या ओळीपुढे खूण होती. ती त्यानेच केली होती. जुन्या यंत्राला त्रास नको, म्हणून काळजीच्या जेवढ्या ओळी दिसल्या तेवढ्या सगळ्यांपुढे त्याने खुणा केल्या होत्या.

"काय झालं?"

"मी हात लावला की ते थांबतं. मी उठून गेलो की थोड्या वेळाने आपलं आपण सुरू होतं. पण जिथे थांबलं तिथून नाही, जरा मागून."

"म्हंजे तुम्ही घडीघडी बघायला येता, म्हणून अडलंय व्हय?"

"हं."

जनीला हसू आलं. पण ती पुरतं हसली नाही.

"मग काढून टाका की ती खूण. बसा दिवसभर बघत."

माउसचा बाण त्या खुणेपाशी गेला. एकदा दाबलं की झालं असतं. मग तो इथेच बसला असता आणि कामही चाललं असतं. धर्माजी बाणाकडे बघत राहिला. मग त्याने माउसवरून हात काढला आणि खुर्चीचा आवाज होऊ न देता उठला.

"चल, मागच्या पडवीत बसू."

"मी कशाला? मी न्हाय हात लावत तुमच्या त्या डब्याला."

"चल तरी."

दोघं पडवीच्या पायरीवर येऊन बसली. ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि तिवरांच्या बाजूने डास येऊ लागले होते. जेट्टीवर लाँच लागल्याचा भोंगा झाला.

उन्हं गेली तशी जनी गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"कुठे?"

"देवाला दिवा लावायचाय. तिन्हीसांज झाली."

देव त्याच खोलीत होते. धर्माजीने तिच्या लुगड्याचा काठ धरला. "थोड्या वेळाने लाव."

"अवो, दिव्यानं काय व्हतंय?"

"काही होत नाही. तरी."

ती परत बसली. अंधार पडत गेला. मग आतल्या खोलीत संगणकाचा पंखा घुमायला लागला, आधी हळू, मग जोराने. दोघांनीही मान वळवली नाही.

"चाललं वाटतं," जनी हळूच म्हणाली.

"हं."

"प्रणालीच्या टायमाला बी तुम्हाला असंच भायेर बसवलं व्हतं. अलिबागला, दवाखान्यात. आत डोकवायला गेलात तर नर्स वरडली व्हती तुमच्यावर."

धर्माजीने पायावरचा डास झटकला.

"तेव्हा नंतर आत बोलावलं होतं मला," तो म्हणाला.