दोन वर्षांची अट

चौथा देश, चौथी इंटरनॅशनल स्कूल. वर्गात नवी मुलगी आली की आठ वर्षांची लेक नावाआधी विचारायची, “तुझ्या बाबांचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं?” दोनपेक्षा कमी म्हटलं, की ही बाक बदलून मोकळी.

“जाणाऱ्या माणसाला उगाच जीव कशाला लावायचा, आई?”

हल्ली शाळा सोडताना ती कुणासाठीच रडत नाही, याचं आईला कोण कौतुक!

आज आई हॉस्पिटलमधून आली, तर लेक दारातच उभी.

“डॉक्टर किती म्हणाले?”

डॉक्टर सहा महिने म्हणाले होते. आईने फाइल पाठीमागे धरली.

“पाच वर्षं.”

लेक क्षणभर विचारात पडली. मग “चालेल,” म्हणाली आणि आईच्या कुशीत शिरली.