पुढं धाडलेला

"फ्लेमिंगो!" साहेब ओरडले आणि गाडीचं दार लावायचंच विसरले.

तळ्याच्या काठापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात, एक गुलाबी पक्षी एका पायावर उभा होता. भाद्रपदातलं ऊन नुकतंच टॉवरांवरून खाली उतरत होतं आणि त्यात तो असा चमकत होता, जणू कुणी सकाळीच पुसून ठेवलाय.

पुसूनच ठेवला होता. धर्मराजने, स्वतःच्या टॉवेलने.

धर्मराज खाडीकाठच्या सारसोळे गावचा. पूर्वी खाडीत जाळं टाकायचा, आता तीन मजली घराचं भाडं खातो आणि उरलेल्या वेळात थापा मारतो. त्याच्या आज्याच्या होडीचा वारा एकदा पडला, तेव्हा म्हणे आज्याने शंभर बगळे दोरीला बांधले आणि होडी उरणला नेली. हे गावात कुणी खरं मानत नाही. ऐकायला मात्र सगळे थांबतात.

त्याच्या शेजारी दुर्बीण गळ्यात घालून उभ्या होत्या नंदिनीताई, समोरच्या सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी दोघं याच बांधावर भेटत. त्या पक्षी बघत, हा थापा मारी. एरवी ताई समजूतदार बाई, पण पक्ष्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सूट नाही. एकदा पक्षिमित्रांच्या अख्ख्या ग्रुपने दुर्मीळ गरुड पाहिल्याचा जल्लोष केला. ताई म्हणाल्या, "घार आहे." तो ग्रुप पुन्हा जमला नाही.

तळ्यात खाडीचं पाणी आणणारा पाइप भरावाच्या मातीने बुजला होता. पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत पुरणार. पुढे कोरडं. आणि कोरड्या तळ्यात या शहरात काय उगवतं, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गेल्या हिवाळ्यात एकही फ्लेमिंगो इथे उतरला नव्हता. म्हणून हे तळं पक्ष्यांचं राहिलंय का, पाइप मोकळा करायचा का, ते ठरवायला आज ठाण्याच्या सरकारी कचेरीतून साहेब आले होते.

"हलत कसा नाही?" साहेबांनी विचारलं.

"झोपलाय, सायेब. कच्छवरशी रातभर उडत आलाय. तुमी ठान्यावरशी आलाव तरी डोले लाल हायत."

"पण आत्ता? हे तर थंडीत येतात ना?"

"ह्यो पुढं आलाय. जागा बगाया. भाड्यानं खोली घ्याची तर आपन एकाला पुढं धाडतो का नाय? तसा."

साहेब हसले. मग ताईंकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हटलंत, की माझं काम झालं."

ताईंनी दुर्बीण लावली. गुलाबी मांडीला सुतळीने बांधलेला बांबू दिसला. रंगवलेला डोळा दिसला. सिग्नलजवळचा हा पुतळा जुलैच्या वादळात उलथला होता, हे त्यांना आठवलं. साहेबांच्या पाठीमागे धर्मराजने दोन्ही हात जोडले.

ताई बराच वेळ दुर्बीण लावून राहिल्या.

"फायबरचा आहे," त्या म्हणाल्या. "सिग्नलवरचा."

धर्मराजने कपाळावर हात मारून घेतला.

"पण त्याच्या डोक्यावर बसलाय, तो खरा आहे." त्यांनी दुर्बीण साहेबांच्या हातात दिली. "पिवळा धोबी. सैबेरियाकडून येतो."

चिमणीएवढा पक्षी. शेपटी वरखाली, वरखाली. साहेबांनी मन लावून पाहिलं.

"एवढासा?"

"एवढासाच येतो."

साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत गुलाबी पुतळा आला, डोक्यावर एक ठिपका आला. "हे वर दाखवलं तर विचारतील, डाग कसला पडलाय." माणूस वाईट नव्हता. "असं करू, मॅडम. या हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरू देत. मी स्वतः उभा राहून पाइप मोकळा करून घेतो."

"पाणी नसेल तर ते उतरतील कसे?"

"आणि ते उतरले नाहीत, तर पाणी सोडायचं कुणासाठी?" साहेब अगदी मनापासून म्हणाले आणि गाडीत बसले.

गाडी वळणाआड गेली.

"एक शबुद, बाय! नुस्तं हो म्हनायचं व्हतं. अवो, माजं नाव धर्मराज. त्या धर्मराजानं बी येलेला 'नरो वा कुंजरो वा' केलंच की!"

"त्याचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला."

"आमचा कवाच टेकलेला हाय."

ताईंनी वर पाहिलं. आकाश रिकामं होतं. धोबी उडून लव्हाळ्यात गेला. धर्मराज पुतळा उचलायला लुंगी खोचू लागला.

"राहू दे तो," ताई म्हणाल्या.

त्यांनी बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या चिखलात उतरल्या. पुतळ्याचं तोंड रस्त्याकडे होतं, साहेबांची गाडी उभी होती तिकडे. ताईंनी तो उपसला, खाडीकडे वळवला, उत्तरेला, जिथून ते येतात तिकडे. मग दोन्ही हातांनी दाबून बांबू खोल रोवला.

धर्मराज काठावर कमरेवर हात ठेवून बघत होता. "सायबाशी खोटं नाय चालत. नि पाखरांशी चालतं व्हय?"

ताईंनी चोचीवर चिकटलेलं शेवाळ निपटून काढलं. चार पावलं मागे सरून, मान तिरकी करून पाहिलं.

"फ्लेमिंगो कधी एकटा उतरत नाही, धर्मादादा," त्या म्हणाल्या. "पुढच्या सिग्नलवरचा एखादा पडायला आलाय का बघा."