गुडघा धरीना

"उभा करून दाखवा," स्वरूपा म्हणाली आणि तिनं खेळण्यातला सामुराई काउंटरवर आडवा ठेवला.

दुकानदार दिग्विजयनं त्याला उचललं. गुडघा किंचित वाकवला, पाऊल सपाट टेकवलं, तलवार मुठीत सरकवली आणि हात काढून घेतला. वीतभर उंचीचा तो योद्धा एका पायावर तोल सांभाळत उभा राहिला. खालून, चिंचवडच्या रस्त्यावरून एक डंपर गेला. दुकानाची काच थरथरली. सामुराई हलला नाही.

स्वरूपाला काही कळेना. तिनं स्वतः करून पाहिलं. तिच्या हातूनही तो तसाच उभा राहिला. तिनं पिशवीतून दुसरा काढला, मग तिसरा. गुडघे घट्ट, मुठी घट्ट. रावेतहून ती भांडायचं ठरवून आली होती. वडिलांची एवढी एक तक्रार तरी तडीस न्यायची होती.

"पण हे सगळे खराब आहेत," ती म्हणाली. "माझे वडील दर रविवारी फोनवर सांगायचे. दापोडीचे लक्ष्मणराव."

"काका?" दिग्विजय हसला. "म्हणजे दुकानाला ऑनलाइन तो एक स्टार तुम्ही दिलात होय, ताई? 'म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात बाद माल मारतात.' आईनं वाचलं ते. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आहेत कुठं काका? बरेच दिवस दिसले नाहीत."

"गेले. संक्रांतीनंतर. जिन्यावरून पडले."

दिग्विजयचं हसू मावळलं. त्यानं काउंटरमागचं स्टूल उचलून तिच्यासाठी पुढं आणून ठेवलं. ती बसली नाही.

कठडा धरला असता तर वाचले असते, असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला होता. तिला उमजत नव्हतं ते नेमकं हेच. लक्ष्मणराव कठड्याला हात लावल्याशिवाय पायरी उतरत नसत. चाकणच्या कंपनीत त्यांची उभी हयात तयार माल तपासण्यात गेली. घरी आणलेला पेरूसुद्धा ते फिरवून फिरवून बघायचे. ॲक्शन फिगर जमवायचा नादही त्यातूनच लागला. कंपनीनं एकदा ट्रेनिंगला जपानला पाठवलं, तिथल्या दुकानात एवढ्याशा गुडघ्याचं फिटिंग बघून ते हरखून गेले. तिथून आणलेल्या पहिल्या सामुराईचं सील त्यांनी कधी फोडलं नाही. लहानपणी स्वरूपानं हट्ट केला, रडून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"हा आपला मास्टर," ते समजावायचे. "कंपनीतही असा एक बिनचूक नग बाजूला ठेवलेला असतो. एखादा नग नापास झाला, तर दोष नगाचा. पण ओळीनं सगळेच नापास व्हायला लागले, तर आपण ज्यानं मोजतो ते गेज आधी तपासायचं, स्वरू. त्याला मास्टर लावून बघायचा."

घर आवरताना त्याच डब्याचं सील तिला फोडलेलं दिसलं. दहाव्याला आलेल्या भावकीतल्या पोरांचं हे काम असणार, असं धरून तिनं सगळ्यांना फोन केले. कुणीच कबूल झालं नाही. एक चुलती तर रुसून बसली.

"एक जुना पीस होता त्यांच्याकडे," ती आता म्हणाली. "सीलबंद. तो कुणी उघडला, तेही कळत नाही."

"काकांनीच की, ताई. इथंच उघडला."

"बाबांनी?"

"याच काउंटरवर. आधीचे सगळे मी बदलून दिले होते, तरी नवा पीस पण धरंना म्हणत आले. मग पिशवीतून तो जुना डबा काढला. मी म्हटलं, काका, सील फोडू नका, त्यातच त्याची किंमत आहे. ऐकतायत कुठं! फोडलं आणि उभा करायला लागले. ठेवला की पडायचा. तलवार तर मुठीपर्यंत नेताच येईना त्यांना. मग मी करून दाखवला. उभा राहिला लगेच. त्यांनी परत घेतला, परत पडला."

"मग?"

"मग काही नाही. बसले आपल्या हाताकडं बघत. चहा सांगितला, तो पण तसाच गार झाला. जाताना म्हणाले, माल चांगला आहे रे तुझा, मीच उगाच नावं ठेवली. त्यानंतर आलेच नाहीत." तो जरा घुटमळला. "तेव्हा मला वाटलं, नाराज झाले."

स्वरूपानं काउंटरवरचा सामुराई उचलला. तलवार काढली. परत मुठीत सरकवली, घट्ट बसली.

"कधीची गोष्ट ही?"

"दसऱ्याच्या आधीची."

ती स्टुलावर बसली. दसऱ्याच्या आधीची. मग दिवाळीतला तो फोन? ती लाडू वळत होती, मोबाइल ओट्यावर ठेवलेला होता आणि बाबा नेहमीचंच सांगत होते. क्वालिटी घसरतच चाललीय बघ, स्वरू. गुडघा धरीना. मूठ वळंना. तिनं हाताचं तूप पुसत म्हटलं होतं, "मला सांगून काय होणार, बाबा? एकदा नीट तक्रार करा ना."

"करतोय की," लक्ष्मणराव म्हणाले होते.