उत्तरासाठी सोडलेली जागा

बातमी आली तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत काच होती. खिशातला फोन वाजायचा थांबेना, म्हणून ज्या घरी काम चालू होतं तिथल्या मालकिणीने तो काढून त्याच्या कानाशी धरला. बायको कॉलेजच्या जिन्यात कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग काच खिडकीच्या चौकटीत बसवली, चारही कडांना पट्ट्या ठोकल्या, स्वतःच्या अंगठ्याचा ठसा पुसला आणि मगच स्टुलावरून उतरला.

दिवसकार्य उरकून पाहुणे परतले, त्या दुपारी बायकोची वर्गमैत्रीण आली. दोघी शिक्षिका होण्यासाठी शिकत होत्या. वर्गात बायकोच वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून बाकीच्या तिला आत्तापासूनच ‘बाई’ म्हणत. चिडवायचं असलं की तोही म्हणायचा.

“भावोजी, कॉलेजचा रेकॉर्डर तिच्याकडे राहिलाय,” मैत्रीण दारातूनच म्हणाली. “दुसऱ्या मुलींना लागणार आहे. मागचं सगळं पुसून देतात त्यांना.”

“तिचं काय आहे त्यात?”

“सराव पाठ. परीक्षेचा.”

त्याने कपाटातून रेकॉर्डर काढला. तिच्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवून बटण दाबलं.

“बसा मुलांनो,” बायको म्हणाली.

मैत्रीण खुर्चीच्या कडेवर टेकली.

पाठ मुलांच्या एका जुन्या विज्ञानकादंबरीवर होता. एक मुलगा यानातून एकटाच दूर चाललेला असतो. पृथ्वीवरून निघालेला आईचा आवाज त्याच्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात. आई आता नाही हे त्याला कळलेलं असतं, तरी तो रोज तिला उत्तर देतो. शेवटच्या पानावर तो यंत्र बंद करतो.

“आम्ही सगळ्यांनी लिहिलं, मुलगा शहाणा झाला,” मैत्रीण हळूच म्हणाली. “हिने सरांना तोंडावर सांगितलं, शहाणा कसला, थकला तो. मी मुलांना असलं शिकवणार नाही, म्हणाली.”

“तिला गप्प बसवणं कुणाला जमलंय?”

“कुजबुज नको,” रेकॉर्डरमधून आवाज आला.

दोघंही दचकून गप्प झाले.

“पाठात तसं घालावंच लागतं हो,” मैत्रीण ओढूनताणून हसली. “समोर वर्ग आहे असं धरून बोलायचं. प्रश्न विचारला की उत्तरासाठी जागा सोडायची. घाई केली की मार्क जातात.”

“सांगा, तो मुलगा कुणाशी बोलत होता?” बायकोने विचारलं.

त्याची नजर उगाच खिडकीकडे गेली.

“खिडकीबाहेर काय आहे? मी इकडे आहे.”

त्याने मान वळवली. घसा खाकरला. “आईशी.”

“बरोबर. आणि आई ऐकत होती का?”

“नाही.”

“नक्की?”

मैत्रीण उठून उभी राहिली. “भावोजी, बंद करा ना. मला कसंतरीच होतंय.”

“आता शेवटचा प्रश्न,” बायको म्हणाली. “मुलाने यंत्र बंद करायला हवं होतं का? नीट विचार करून सांगा.”

मग ती थांबली.

तोही थांबला. कपडे वाळत घालताना, केस विंचरताना, ती हा पाठ घरभर म्हणत फिरायची. पुढचं सगळं त्याला तोंडपाठ होतं. या प्रश्नाचं उत्तर आलं की ती म्हणायची, ‘छान. पुस्तकं मिटा. तास संपला.’

बराच वेळ गेला.

“संपलं वाटतं,” मैत्रीण म्हणाली.

त्याने रेकॉर्डर कानाशी नेला. आत पंखा फिरत होता. खोलीतला पंखा तर बंद होता. आत एक पान उलटलं गेलं.

“संपलं नाही. थांबलीय ती.”

मैत्रीण दारापर्यंत मागे सरकली. पाय चपलांत नीट गेलेही नाहीत. “कॉलेजात काय सांगू मी?”

“पाठ चालू आहे म्हणावं.”

आता तो रोज सकाळी काचा घेऊन कामाला जातो. रेकॉर्डर टेबलावरच असतो, तारेला जोडलेला, बारीक दिवा लागलेला. संध्याकाळी तो दाराचा आवाज न करता घरात येतो, हातपाय धुतो आणि समोरच्या खुर्चीत बसतो. आत पंखा फिरतच असतो. मधूनच बांगडी वाजते.

उत्तर त्याला येतं. द्यायचं राहिलं आहे.